रील इन: मासा गळाला लागल्यानंतरचं काम

मराठीत ‘गळाला लागला’ म्हटलं की गोष्ट संपते. गिऱ्हाईक गळाला लागलं, विरोधी गटाचा संचालक गळाला लागला. पुढचं कोणी विचारत नाही. अहिराणीतही ‘गळले लागना’ म्हटलं की झालं. नदीवर मात्र तसं नसतं. तापीवरच्या हतनूर धरणाच्या पाण्याकाठी किंवा सारंगखेड्याच्या बॅरेजजवळ गळ टाकून बसलेल्या कोणालाही विचारा, मासा लागला तेव्हा निम्मं कामही झालेलं नसतं. मासा तीस मीटर दूर आहे, त्याच्या तोंडात गळ आहे आणि तो उलट्या दिशेला पळतोय. तिथून तो काठापर्यंत आणायचा, या मधल्या सगळ्या खटाटोपाला इंग्रजीत दोन शब्द आहेत: ‘रील इन’.

शब्दकोशात या जोडीपुढे ‘आत ओढणे’, ‘आकर्षित करणे’ असं काहीतरी सापडतं. पोरं ते पाठ करतात आणि नको त्या वाक्यात बसवतात, कारण यातलं रील नेमकं काय करतं ते डोळ्यांपुढे नसतं. म्हणून आधी रील, व्याकरण मागून.

रील म्हणजे आपलं रीळ. शिवणाच्या दोऱ्याचं असतं तेच. जुन्या इंग्रजीत ‘ह्रेओल’ हा शब्द सूत गुंडाळायच्या साधनाला होता. म्हणजे मूळ कापूस पिकवणाऱ्या मुलखाला ओळखीचंच. मासेमारीत तो फार नंतर आला, सिनेमाच्या फितीला त्याहून नंतर, आणि मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या तमाशाला अगदी परवा-परवा. सगळीकडे काम एकच: लांबलचक वस्तू गोल गाभ्यावर गुंडाळायची. ‘इन’ म्हणजे ‘आत’ असं शाळेत शिकवतात. इथे मात्र त्याचा अर्थ ‘आपल्याकडे’ एवढाच.

ज्याने संक्रांतीला चक्री धरली आहे, त्याला हे अर्धं तरी माहीत असतं. (फिरकी म्हणा, येवल्याकडे आसारी म्हणा.) ढील द्यायची, खेच मारायची, पतंग उतरवताना मांजा गुंडाळत जायचं. फरक असा की पतंगाला बहुतेकदा ओढणारा एक आणि गुंडाळणारा दुसरा असतो. गळाच्या काठीवर ही दोन्ही कामं एकट्याने करायची असतात आणि नवखा माणूस नेमका इथे फसतो. हँडल फिरवलं की मासा येईल असं त्याला वाटतं. मासा ओढायचा असतो काठीने. रील फक्त मोकळा झालेला दोर गोळा करतं. हे एक वाक्य समजलं की पुढचं सगळं सोपं आहे.

नवख्याच्या हातात बहुतेक वेळा स्पिनिंग रील येतं, काठीच्या खालच्या बाजूला लटकणारं. त्यात गुंडाळताना स्पूल, म्हणजे दोर ज्यावर बसतो तो गाभा, स्वतः फिरत नाही. त्याच्याभोवती रोटर फिरतो आणि तारेच्या कमानीतून, म्हणजे बेलमधून, दोर स्पूलवर बसवत जातो. फेकताना बेल उघडायची, गळ पाण्यात पडला की हाताने बंद करायची. हँडल फिरवून बेल बंद करण्याची सवय लागली तर दोराचा पहिला वेढा सैल बसतो आणि चार-सहा फेकींनंतर अख्खी गुंतवळ बाहेर येते.

रीलवर ‘५.२:१’ असं छापलेलं असतं. अर्थ असा की हँडल एकदा फिरलं की रोटर ५.२ वेळा फिरतो. स्पूलवरच्या दोराचा व्यास ४५ मिलिमीटर धरला तर घेर साधारण १४ सेंटिमीटर. म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात सुमारे ७३ सेंटिमीटर दोर आत येतो. मासा तीस मीटरवर असेल तर नुसता रिकामा दोर गुंडाळायलाच ४१ फेरे. त्यात मासा मध्येच दहा मीटर पळाला की हिशोब पुन्हा मांडायचा. ‘रील इन’ला वेळ लागतो तो यामुळे. हा वेळ शब्दाच्या अर्थामध्येच मुरलेला आहे, पुढे वाक्यात वापरताना कामाला येईल.

स्पूल काठोकाठ भरू नये. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर रिकामं सोडायचं. जास्त भरलं तर फेकताना वेटोळ्यांचा पुंजका सुटतो; कमी भरलं तर दोर कडेला घासत जातो आणि फेक जवळच पडते. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, नवा भरताना ओल्या फडक्यात चिमटीत धरून ताण देत भरावा. सैल भरलेला दोर मोठ्या माशाने ओढला की वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुततो आणि पुढच्या फेकीला तिथेच अडकतो.

आता ड्रॅग. स्पूलच्या डोक्यावरचं हे गोल बटण म्हणजे आपल्या भाषेत ढील देणारं यंत्र. ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढ बसली की स्पूल घसरतं, कर्रर्र आवाज येतो आणि दोर सुटतो, तुटत नाही. किती घट्ट ठेवायचं? दोर जेवढ्या वजनाला तुटतो त्याच्या पाव ते एकतृतीयांश. पाच किलोचा तंगूस असेल तर साधारण सव्वा ते दीड किलो. हे हाताच्या अंदाजाने ठरवू नये. रद्दीवाल्याकडे असतो तो लटकता स्प्रिंगचा काटा घ्यावा, दोराचं टोक त्याला बांधावं, काठी हातात ४५ अंशात धरून कोणाला तरी काटा ओढायला सांगावा. दीड किलोवर स्पूल फिरायला लागलं पाहिजे, झटका न देता. झटके देत फिरत असेल तर आतल्या चकत्यांत घाण गेली आहे किंवा त्या सुकल्या आहेत.

पाच किलोचा दोर आणि ओढ फक्त दीड किलोची, हा कंजूषपणा वाटेल. पण तीन गोष्टी मधे खातात. गाठीने ताकद कमी होते. ओला नायलॉन कोरड्यापेक्षा थोडा कमजोर असतो. आणि तिसरी फार जणांच्या लक्षात येत नाही: मासा दोर घेऊन पळतो तसा स्पूलवरचा दोर कमी होतो, त्याची त्रिज्या घटते आणि तेच बटण, हात न लावता, जास्त घट्ट वागायला लागतं. त्रिज्या २२ मिलिमीटरवरून १६ वर आली की दीड किलोची ओढ दोन किलोच्या वर जाते. म्हणूनच मासा लांब पळाल्यावर घाबरून ड्रॅग आवळणारा माणूस दोर तोडून बसतो. मासा लांब असेल तर उलट किंचित सैल करायचं असतं.

गाठीचं एवढंच: दोर गळाच्या डोळ्यातून ओवून स्वतःभोवती पाच-सहा वेढे, टोक डोळ्याजवळच्या फटीतून परत आणि मग तयार झालेल्या मोठ्या वेटोळ्यातून. आवळण्यापूर्वी थुंकी लावून ओली करायची आणि सावकाश ओढायची. कोरडी गाठ झटक्यात ओढली की घर्षणाने दोर तापतो आणि तिथेच मरतो. पुढे मासा सुटला तर टोक बघावं. ते शेवयासारखं गोल-गोल पिळलेलं असेल तर गाठ सुटली. सरळ तुटलेलं असेल तर ताण जास्त झाला. खरबरीत असेल तर दगडाला किंवा बाभळीला घासलं.

मासा लागला. काठी आडवी होती ती सावकाश वर न्यायची, घड्याळाच्या काट्याने सांगायचं तर ९ वरून ११ पर्यंत. या उचलण्याने मासा दीड-दोन मीटर जवळ येतो. मग काठी परत ९ वर आणायची आणि आणता-आणता हँडल फिरवून तेवढा मोकळा दोर गोळा करायचा. परत वर. परत खाली, गुंडाळत. काठी खाली येताना दोर सैल पडता कामा नये. सैल पडला की गळाचा उलटा दात धरत नाही आणि मासा एका झटक्यात मोकळा. काठी १२ च्या पलीकडे मागे नेली तर टोक मोडतं, विशेषतः मासा पायाशी आल्यावर. सगळ्यात जास्त शेंडे तिथेच मोडतात, लांबच्या माशावर नाही.

मासा पळतोय, ड्रॅग कर्रकर्र वाजतोय, त्या वेळी हँडलला हात लावायचा नाही. दोर बाहेर जात असताना हँडल फिरवलं तर एक सेंटिमीटरही आत येत नाही, फक्त प्रत्येक फेऱ्याला दोराला पाचेक पीळ बसतात. दहा फेरे म्हणजे ५२ पीळ. मासा निघाला तरी दुसऱ्या दिवशी तो दोर टेलिफोनच्या जुन्या वायरसारखा वेटोळी घालत बसतो. असा दोर लगेच टाकून द्यायची गरज नाही. गळ, शिसं, सगळं कापून काढावं, पाटाच्या वाहत्या पाण्यात पन्नासेक मीटर दोर नुसताच सोडावा, काही मिनिटं वाहू द्यावा आणि बोटांच्या चिमटीत ताण देत परत गुंडाळावा. पीळ बराचसा उतरतो.

मासा कोणता यावर वागणूक बदलते. रोहू जोरात सरळ पळतो आणि दमतो. मृगल तळ धरून राहतो, उचलायला जड लागतो. मरळ लागली की ती जवळच्या झुडपात किंवा गवतात घुसायला बघते. तिला पहिले दोन-तीन सेकंद ढील द्यायचीच नाही. वाम अंगाला पीळ घालून दोराभोवती गुंडाळते आणि हाताला सटकते, तिला फडक्यानेच धरावं. धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या बाभळी हा आपल्याकडचा खास शत्रू. मासा बाभळीकडे निघाला तर काठी वर न धरता आडवी पाण्यालगत घ्यायची आणि बाजूने दाब द्यायचा. डोकं वळलं की अंग वळतं. सरळ मागे ओढत राहिलं तर तो आणखी हट्टाने तिकडेच जातो.

काठावर हातजाळी आधी पाण्यात बुडवून ठेवावी आणि मासा डोक्याकडून तिच्यावर आणावा. शेपटीकडून जाळी घातली तर तो पुढे उसळी मारतो आणि इतक्या वेळाचं सगळं पाण्यात. तंगूस हाताला गुंडाळून ओढण्याचा मोह आवरावा, बोट कापतं. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडतात तेव्हा खालच्या अंगाला पात्रात उतरायचंच नाही. पाणी चढायला वेळ लागत नाही. आणि धरण मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यात असेल तर आधी संस्थेला विचारायचं. फुकटचं पाणी समजून बसलेल्यांचे रीलसकट सामान जप्त झालं तर तक्रारीला जागा नाही.

आता वाक्यं.

‘रील इन’ला कर्म लागतं आणि ते दोन्हीकडे बसतं. ‘शी रील्ड इन अ बिग रोहू’ बरोबर, ‘शी रील्ड अ बिग रोहू इन’ हेही बरोबर. सर्वनाम आलं की मात्र ते मधेच बसतं: ‘रील इट इन’, ‘रील देम इन’. ‘रील इन इट’ चूक, आणि ही चूक फार होते, कारण मराठी माणूस ‘रील इन’ला एक अखंड शब्द समजतो. कर्म लांबलचक असेल तर ते शेवटीच टाकावं: ‘रील्ड इन द रोहू दॅट ब्रोक टू लाइन्स’. मधे कोंबलं तर ‘इन’पर्यंत पोचेस्तोवर वाचकाचा श्वास जातो. बोलताना जोर ‘इन’वर. मासेमार आपापसात कर्म गाळूनही म्हणतात, ‘लेट्स रील इन’, म्हणजे चला, दोर आवरा, घरी जाऊ.

मराठीतून इंग्रजीत जाताना खरी गफलत कर्त्याची होते. आपल्या ‘गळाला लागणं’मध्ये कर्ता मासा असतो: गिऱ्हाईक लागलं. ‘रील इन’मध्ये कर्ता काठी धरणारा. म्हणून ‘गिऱ्हाईक स्कीमच्या गळाला लागलं’ याचं ‘द कस्टमर रील्ड इन बाय द स्कीम’ असं होत नाही. ‘द कस्टमर वॉज रील्ड इन बाय द स्कीम’ असं होतं. तो एक ‘वॉज’ विसरला की मासाच माणसाला ओढतोय असं व्हायला लागतं. आपल्याकडे ‘गळाला लावणं’ आहे, पण ते इंग्रजी ‘हुक’च्या जवळचं आहे. गळ रुतवला, एवढंच. ‘रील इन’ला जवळचे मराठी शब्द म्हणजे खेचून आणणं, ओढून घेणं, हळूहळू जाळ्यात ओढणं. त्यातला ‘हळूहळू’ महत्त्वाचा. ४१ फेरे आठवा.

क्रिकेटच्या बातम्यांत आपण ‘विजय खेचून आणला’ लिहितो. ही जवळजवळ तयार ‘रील इन’ आहे: लक्ष्य लांब होतं, एकेक धाव करत जवळ आणलं. सायकल शर्यतीच्या इंग्रजी समालोचनात तर हा शब्द ठरलेला. दोन-तीन सायकलपटू पुढे निघून जातात, मागचा मोठा घोळका मिनिटामिनिटाने अंतर कापत त्यांना गाठतो, त्याला म्हणतात ‘द पेलोटॉन रील्ड इन द ब्रेकअवे’. इथे ना दोर, ना गळ, ना कोणी कोणाला ओढतंय. शिल्लक राहिलंय ते फक्त घटत जाणारं अंतर. लाक्षणिक अर्थाचा गाभा तोच.

अंतर घटवणं आणि वेग घटवणं यांत मात्र गोंधळ होतो, त्यामुळे सारंगखेड्याचा विषय काढावाच लागतो. शहादा तालुक्यातलं तापीकाठचं हे गाव दत्तजयंतीच्या घोडेबाजारासाठी प्रसिद्ध. म्हणजे एकाच गावात नदीवर रील आणि बाजारात लगाम. लगाम म्हणजे ‘रेन’, आणि ‘रेन इन’ म्हणजे लगाम खेचून वेग आवरणं. बैलगाडीवाल्याच्या भाषेत कासरा ओढणं. ‘रील इन’ आणि ‘रेन इन’ यांची अदलाबदल इतकी होते की चांगल्या लिहिणाऱ्यांचीही फसगत होते. ओळखायची खूण सोपी आहे. घोडा तुमच्या मांडीखालीच आहे, त्याला जवळ आणायचं नाही, फक्त जोर कमी करायचा: ‘रेन इन’. मासा लांब आहे, त्याला जवळ आणायचं: ‘रील इन’. खर्च, राग, महागाई, मोकाट सुटलेला ठेकेदार, यांना लगाम लावतात. गिऱ्हाईक, मतदार, प्रेक्षक, विजय यांना रीळावर घेतात.

खर्चाच्या बाबतीत ‘रील इन स्पेंडिंग’ असंही छापलेलं सापडतं, आणि खर्च फार लांब पळाला होता, तो गुंडाळून आणला, असं चित्र धरलं तर अगदीच वावगं नाही. तरी परीक्षेत, अर्जात, अहवालात ‘रेन इन’च लिहावं. त्याचं स्पेलिंग आर-ई-आय-एन. मधे ‘जी’ घातला की ते राज्य करणं होतं, आणि ही चूक इंग्रजी छापील मजकुरातसुद्धा सर्रास दिसते. एक सरहद्दीवरचा प्रकार राहतो. सभेत वक्ता विषय सोडून भलतीकडे गेला आणि अध्यक्षांनी त्याला मूळ मुद्द्यावर आणलं. आवाज कमी करायला लावला असेल तर ‘रेन्ड हिम इन’. भरकटला होता, परत आणला असेल तर ‘रील्ड हिम बॅक इन’. दोन्ही चालतात, चित्र वेगळं.

दुसरा सापळा याहून लबाड आहे. ‘द टाउन रील्ड इन शॉक’. शब्द तेच, क्रम तोच, पण हे आपलं क्रियापदच नाही. इथे ‘रील’ म्हणजे लडखडणं, भोवंडणं, आणि ‘इन शॉक’ वेगळा तुकडा, धक्क्याने. गावाने धक्का गळाला लावलेला नाही. पारख करायची तर मधे ‘इट’ घालून पाहावं. ‘रील्ड इट इन’ असं म्हणता येतं का? धक्का ‘आत ओढला’ याला अर्थ नाही, म्हणजे ते दुसरं ‘रील’. ‘रीलिंग फ्रॉम द ड्रॉट’ हेही तसंच, दुष्काळाने हबकलेलं. ‘रील ऑफ’ तिसरंच, पाढे किंवा नावं घडाघडा म्हणून दाखवणं. रीळ उलगडत जावं तसं.

आणखी दोन अवजारं शेजारी ठेवतो, कारण वर्तमानपत्रांत यांची सतत खिचडी होते. ‘रेक इन’: रेक म्हणजे दाताळं. शेतात दाताळ्याने काडीकचरा ओढून ढीग करतात तसा पैसा ढिगाने गोळा करणं. पैसा रीळावर येत नाही, दाताळ्याने येतो. म्हणून नफ्यासाठी ‘रेक इन’ जास्त शोभतं. ‘रोप इन’: रोप म्हणजे दावं. एखाद्याला कामात ओढणं, गळ्यात दावं घालून. भारतीय इंग्रजी बातम्यांत अमुक नटाला सिनेमासाठी ‘रोप इन’ केलं असं रोज छापून येतं. त्यात फसवणूक नाही, थोडी जबरदस्ती आहे.

फसवणुकीचा वास ‘रील इन’ला मात्र येतो, कमी-अधिक. दुकानदार गप्पांत म्हणाला की सणाच्या सवलतीने ‘वी रील्ड इन अ लॉट ऑफ कस्टमर्स’, तर ते मिश्कील आहे, चालून जातं. पण पतसंस्थेच्या वार्षिक अहवालात ‘वी रील्ड इन टू हंड्रेड न्यू मेंबर्स’ असं लिहिलं तर सभासदांना आमिष दाखवून ओढल्याची कबुलीच दिल्यासारखं होतं. तिथे ‘एन्रोल्ड’ किंवा ‘अट्रॅक्टेड’ लिहावं.

आणि जिथे फसवणूकच आहे तिथे हा शब्द तंतोतंत बसतो, ड्रॅगसकट. मोबाइलवर घरबसल्या कामाचा मेसेज येतो, व्हिडिओला लाइक करा आणि पैसे मिळवा. हे आमिष, इंग्रजीत ‘बेट’. उत्तर दिलं की ‘बाइट’. पहिल्या दिवशी शंभर-दोनशे रुपये खरंच खात्यात जमा होतात, आणि माणूस घरात सांगतो, बघा, पैसे आले. ही ढील. लुटारूने ड्रॅग मुद्दाम सैल ठेवलाय, कारण आता ओढलं तर दोर तुटेल. मग मोठ्या कामासाठी थोडी अनामत भरा. भरली की ॲपमध्ये नफ्याचा आकडा वाढलेला दिसतो. काठी ९ वरून ११ वर गेली. पैसे काढायचे म्हटलं की आधी कर भरा, मग दंड भरा. प्रत्येक मागणीला मोकळा दोर गुंडाळला जातो. हे सगळं एका वाक्यात सांगायचं तर ‘दे रील्ड हिम इन ओव्हर थ्री वीक्स’. ‘ट्रिक्ड हिम’ म्हटलं तर तीन आठवडे हरवतात. जो माणूस काहीच न तपासता सगळं खरं मानतो, त्याने गळ, दोर आणि शिसं तिन्ही गिळलं असं इंग्रजीत म्हणतात: ‘हुक, लाइन अँड सिंकर’. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

बेट, बाइट, हुक, रील इन, लँड. इंग्रजीने काठावरच्या प्रत्येक टप्प्याचा एकेक शब्द बाजारात आणला आहे आणि त्यांची अदलाबदल खपत नाही. मुलाखतीला बोलावलं तर अजून काही ‘लँड’ झालेलं नाही. नेमणुकीचं पत्र हातात आलं की ‘लँडेड अ जॉब’, मासा जमिनीवर. जाहिरात ‘ल्युअर’ करते, म्हणजे बनावट किडा दाखवते. ‘रील इन’ त्यानंतरचं. ‘फिश फॉर कॉम्प्लिमेंट्स’ म्हणजे ‘आज भाजी बिघडलीच बहुतेक’ असं म्हणून कौतुकासाठी गळ टाकून बसणं. त्यात मासा लागेलच असं नाही, म्हणून ‘फॉर’. ‘फिश आउट’मध्ये वस्तू हाती आलेलीच असते: पिशवीत हात घालून चाचपत किल्ली काढली.

राहिला ‘ऑफ द हुक’. वीतभर रोहू लागला तर तो ठेवण्यात काही अर्थ नाही. हात ओले करून धरावा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. गळ पक्कडीने ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने मागे काढावा. खोल गिळला असेल तर ओढाओढी न करता तोंडाजवळ दोर कापावा. मग पाण्यात आडवा धरून ठेवायचा, कल्ले हलायला लागून तो स्वतःहून निसटेपर्यंत. ‘लेट हिम ऑफ द हुक’ हे माणसाच्या बाबतीत म्हणतात तेव्हाही अर्थ हाच: पकडीत होता, सोडून दिला. घरी गेल्यावर रील ओल्या फडक्याने पुसून ड्रॅगचं बटण पूर्ण सैल करून ठेवावं. आवळून ठेवलं तर आतल्या चकत्या दबून चिकटतात आणि पुढच्या वेळी ढील द्यायची वेळ आली की झटका बसतो.